निकमांकडचं विरजण

डॉक्टर रेवती साळुंखे वयाने माझ्या भाचीएवढी. तिने माझा रिपोर्ट पडद्यावर उघडला, मान तिरकी केली आणि लहान मुलाची समजूत काढावी तशा आवाजात म्हणाली, "काका, टाइप टू डायबेटिस आहे. घाबरायचं काही कारण नाही."

"घाबरलंय कोण?" मी म्हणालो. "पुन्हा तपासा."

"दोनदा तपासलंय, काका."

मी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तो आजार तिनेच मला दिला होता. सहासष्ट वर्षांत पोट सुटू दिलं नाही, चहात साखर घेतली नाही, रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालत गेलो आणि रस्त्यात भेटेल त्याला हे सगळं ऐकवलं. माझ्या मते मधुमेह हा आजार नव्हताच. तो वळणाचा प्रश्न होता. ज्याचा जिभेवर ताबा नाही त्याला तो होतो, असं मी कुणी विचारलेलं नसतानाही सांगत असे.

सर्वांत जास्त सांगितलं ते माझ्या मेहुण्याला. विलास हा माझ्या बायकोचा, शैलजाचा, धाकटा भाऊ. कोरेगावला त्याचं हार्डवेअरचं दुकान. दहा वर्षं मधुमेह, पाच वर्षं इन्सुलिन, आणि तरी माणूस सदा हसतमुख. असली माणसं मला पहिल्यापासून चीड आणतात. त्याच्या मुलीच्या लग्नात भर मांडवात मी त्याच्या पानातली जिलबी उचलून बाजूला ठेवली होती आणि व्याह्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो होतो, "लाज नाही, निदान भीती तरी बाळग." लोक हसले. विलासही हसला.

तर आता मलाच तो आजार झाला होता. माझ्या आजोबांना होता, काकांना होता, आणि डॉक्टरीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे पन्नाशीनंतर सडपातळ माणसालाही तो होऊ शकतो. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट आपल्याला लागू होते, एवढंच माहीत नव्हतं.

गोळीबरोबर तिने मला एक दही लिहून दिलं. त्याचं नाव 'मधुरोध'. हे नाव सुचवणाऱ्याला पगार मिळत असेल याचंच मला वाईट वाटलं. पण आतली करामत खरी होती, हे मी नाकारत नाही. सरकारी दूध योजनेत चौतीस वर्षं मी केमिस्ट होतो. दही मला कळतं.

दह्यातलाच एक साधा जिवाणू घेऊन त्यांनी त्याला जादा काम शिकवलेलं. आपण भात, पोळी, लाडू काहीही खाल्लं की आतड्यात त्याची सुटी सुटी साखर होते आणि रक्तात शिरते. हा जिवाणू त्यातली तिसरा हिस्सा साखर वाटेतच धरतो आणि एकीला एक जोडत तिची लांबच लांब साखळी विणतो. ही साखळी इतकी मोठी की आतड्यातून रक्तात जाऊच शकत नाही. आली तशी बाहेर पडते. याच साखळ्यांमुळे त्या दह्याला पाणी सुटत नाही आणि ते सुरीने कापावं असं घट्ट लागतं.

असला जिवाणू मोकाट सुटला तर धडधाकट माणसाच्याही तोंडचा घास पळवेल. म्हणून कंपनीने त्याला मुद्दाम परावलंबी करून ठेवलेला. जगायला लागणारं एक द्रव्य तो स्वतः बनवू शकत नाही. ते डब्यातच घातलेलं असतं. डब्यातलं दही खाणं बंद झालं की त्याची उपासमार होते आणि आठवड्याभरात तो पोटातून नाहीसा होतो. झाकणावर लाल अक्षरांत छापलेलं होतं, 'हे दही विरजण म्हणून वापरू नये.'

"काका, ही सूचना नीट वाचा हं," डॉक्टर म्हणाली.

"बाई, तुमच्या जन्माआधीपासून मी दह्यातले जिवाणू मोजतोय," मी म्हणालो.

घरी येताना सोसायटीच्या फाटकाशी थांबून मी झाकण कचऱ्यात टाकलं. आत गेल्यावर सगळं दही एका स्टीलच्या डब्यात ओतलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. तिथून पुढे दर आठवड्याच्या डब्याचं हेच.

"हे काय?" शैलजाने विचारलं.

"पित्तावरचं दही आहे. डॉक्टरांनी दिलंय."

तिला खरं सांगितलं असतं तर तिने विलासला सांगितलं असतं. विलासने काय केलं असतं? बहुधा काहीच नाही. पण तो हसला असता, आणि ते मला सोसवलं नसतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी नंतर पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

डिसेंबरात साताऱ्यात दही लागत नाही. दूध कोमट करा, भांडं कापडात गुंडाळा, सकाळी आत पाणी ते पाणीच. शैलजाने दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी माझ्या स्टीलच्या डब्यातला एक चमचा घेऊन विरजण लावलं. तिने काय चुकीचं केलं? घरात घट्ट दही असताना कोणतीही बाई हेच करील. दुसऱ्या दिवशी ताटात कवडीसारखं दही आलं.

"आज दही जमलंय," मी म्हणालो.

माझ्याकडून कौतुक ऐकायची सवय नसल्यामुळे ती दिवसभर खूश होती. चौतीस वर्षं दही तपासलेला केमिस्ट थेंबभर पाणी न सुटलेलं दही खातो आणि हे असं कसं लागलं म्हणून विचारत नाही. शहाणपण माणसाला इतकं आंधळं करतं.

आमच्या सोसायटीत सोळा घरं. जानेवारी संपेपर्यंत 'निकमांकडचं विरजण' सोळाही घरांत गेलं होतं. बायका वाटी घेऊन यायच्या आणि शैलजा चमचाभर दही घालून द्यायची. विरजणाला कुणी नाही म्हणत नाही. मी पेपर वाचत बसलेलो असायचो आणि मनात म्हणायचो, या बायकांना बाजारातून दही आणायला काय होतं?

होळीला शैलजाच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. मुळात ती किरकोळ, शेहेचाळीस किलोची. मार्चअखेर ती एकोणचाळीसवर आली. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायची. एकदा गॅससमोरच खाली बसली आणि तिला उठता येईना.

"उपास कमी कर," मी म्हणालो. "तुझी चतुर्थी, तुझा सोमवार. तुझं वजन घटवून देवाला काय मिळणार आहे?"

"उपास तर जानेवारीतच सोडले," ती म्हणाली. "तुमच्या लक्षात नाही आलं."

तिला काकडी, दहीभात आणि ताक एवढंच जात होतं. ती ते दोन्ही वेळा खायची, शक्ती यावी म्हणून. माझी साखर मात्र उत्तम होती. त्याचं श्रेय मी माझ्या शिस्तीला दिलं.

थायरॉइड तपासून झालं, क्षय तपासून झाला. शेवटी मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी पोटात दुर्बीण घालून पाहू म्हटलं आणि वीस एप्रिलची तारीख दिली. शैलजाची आई पोटाच्या कॅन्सरने गेली होती. त्यामुळे तिला जास्त काही समजावून सांगावं लागलं नाही. घरी आल्यावर तिने मला कुकर कसा लावायचा ते शिकवायला घेतलं.

"मला कशाला हे?" मी चिडलो.

"असू दे आलेलं," ती म्हणाली. डाळीला किती पाणी, तांदळाला किती, तिने मला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदाही माझं चुकलं.

बहिणीची ही अवस्था ऐकून विलास पंधरा दिवसांसाठी राहायला आला. दंडावर साखर मोजणारी चकती लावलेली, हातात मोबाइल, तोंडाची टकळी चालू. तो घरभर वावरायचा, बहिणीचे पाय दाबायचा, भांडी घासायचा. मी त्याच्याकडे पाहत खुर्चीत बसायचो. नऊ एप्रिलला दुपारी जेवणं झाल्यावर त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"दाजी, हे बघा. ताईच्या ताकाने चमत्कार केला. चार दिवसांत साखर निम्म्यावर. काल इन्सुलिन निम्मं केलं तरी घाम फुटला मला, गूळ खावा लागला."

"तू गूळ खायला निमित्तच शोधतोस," मी म्हणालो. जीभ सवयीने चालली. डोकं मात्र तिथेच थांबलं.

मी उठलो आणि फ्रिज उघडला. शैलजाच्या पातेल्यातलं दही चमच्याने उचललं. चमच्याबरोबर तार वर आली.

माझं साखर मोजायचं यंत्र मी जुन्या फायलींच्या कपाटात लपवलेलं होतं. कोमट पाण्यात ग्लुकोज विरघळवून त्यात तिचं दही घातलं आणि तासातासाने मोजत बसलो. साध्या दह्याने साखर अशी उतरत नाही. ही उतरत होती.

मग सगळा उलगडा झाला. कंपनीचा जिवाणू परावलंबी होता खरा. पण एका चमच्यात कोट्यवधी जिवाणू असतात, आणि शैलजाच्या दह्यात तिचे जुने घरगुती जिवाणूही होते. त्यांच्याकडे ते द्रव्य बनवायची विद्या होती. जिवाणू एकमेकांकडून अशी विद्या उसनी घेतात, हे मी स्वतः शिकाऊ पोरांना शिकवलेलं. कोट्यवधींतल्या दोघाचौघांनी ती घेतली. बाकीचे मेले, हे उरले. रोज संध्याकाळी शैलजा त्यातलाच एक चमचा नव्या दुधात घालत राहिली आणि जे सर्वांत चिवट तेच निवडत गेली. प्रयोगशाळेत याला लाखो रुपये लागतात. तिने ते ओट्यावर केलं होतं, कारण मी झाकण फेकून दिलं होतं.

म्हणजे शैलजाला कॅन्सर नव्हता. बाकीची घरं हे दही तोंडी लावण्यापुरतं खात असणार, ती दोन्ही वेळा त्यावरच जगत होती. माझी बायको माझ्या दह्याने उपाशी मरत होती.

इथे चांगला माणूस काय करील? बाहेर जाऊन सांगेल. बाहेर विलास बसला होता. मी स्वयंपाकघरात गेलो आणि पातेलं मोरीत उपडं केलं. भांडं उकळत्या पाण्याने धुतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दही गेलं की ती आपोआप भरून येईल, दुर्बिणीत काही निघणार नाही, डॉक्टर म्हणतील नशीब, आणि कुणाला काही कळणार नाही, असा माझा हिशेब.

संध्याकाळी पातेल्यात पुन्हा दही लागत होतं.

"कुठून आणलंस?" मी विचारलं.

"तुमच्या हातून सांडलं ना? भोइट्यांच्या उत्तराकडून चमचाभर आणलं. आपलंच विरजण आहे." ती कौतुकाने पातेल्याकडे पाहत होती. "उत्तराच्या सुनेला सातवा चाललाय, तिला तर दहीभाताशिवाय काही जात नाही म्हणे."

दुसऱ्या दिवशी मी ते दही नासल्याचं सांगून फेकलं. तिने मुल्लांकडून आणलं. मग मी बाजारातलं आणून ठेवलं. तिने ते एक घास खाऊन बाजूला सारलं, आणि विलास खालून आणखी एक वाटी घेऊन आला. सोळा घरांत मी एक विरजण पेरलं होतं आणि ते एकेका वाटीने माझ्याच घरी परत येत होतं. तोंड उघडल्याखेरीज ते थांबणार नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी तोंड उघडलं नाही. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज जेवताना तिच्या ताटातला दहीभात पाहत गप्प बसायचो. मला तिची काळजी नव्हती असं नाही. पण विलासच्या त्या हसण्याची भीती त्या काळजीहून जड भरली. यापेक्षा क्षुद्र माणूस माझ्या पाहण्यात नाही.

वीस एप्रिलला सकाळी विलासने आम्हाला गाडीने हॉस्पिटलला नेलं. तो गाडी लावायला गेला. आम्ही दोघं बाकावर बसलो. शैलजाने पर्समधून चार घड्यांचा कागद काढला.

"हे ठेवा. पाटल्या विलासच्या मुलीला. गोठ उत्तराच्या सुनेला, बाळंतपण झाल्यावर. माझ्या साड्या वृद्धाश्रमात द्या, विकू नका." मग तिने माझा हात धरला. तो हात नव्हता, नुसती हाडं. "आणि एक ऐका. तुम्ही एकटे राहू नका. मी विलासशी बोललेय. तो म्हणाला, दाजींना मी घेऊन जातो, वरची खोली त्यांना देतो. त्याला वाईट बोलू नका. तुम्हाला सांभाळणारा तोच एक आहे."

मी म्हणालो, "शैलजा, तुला काही झालेलं नाही."

"बरं," ती म्हणाली. धीर देणाऱ्याला द्यावं तसं उत्तर.

मग मी सगळं सांगितलं. मधुमेह, दही, झाकण, पित्ताचं खोटं. बोलताना मी समोरच्या भिंतीकडे पाहत होतो. विलास कधी येऊन मागे उभा राहिला ते कळलं नाही. माझं संपल्यावर तो म्हणाला, "दाजी, मला तरी सांगायचं. मी दहा वर्षं त्यातच आहे." तो हसला नाही.

शैलजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने चेहरा पदराने पुसला.

"म्हणजे मी मरत नाहीये?"

"नाही. दही बंद केलं, औषध घेतलं की महिन्या-दोन महिन्यांत भरून येशील."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आज सकाळीच कळलं, म्हणता आलं असतं. पण तिने माझा हात अजून धरलेला होता.

"अकरा दिवस झाले."

तिने हात सोडला. मोठ्याने नाही, स्वतःशीच मोजल्यासारखी ती बोलू लागली. "अकरा दिवस. म्हणजे मी आईचा फोटो काढून बसले होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं. पाटल्यांची वाटणी केली, तेव्हा माहीत होतं. रोज देवाला विचारत होते, फार दुखेल का म्हणून. तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होता."

ती उठली, कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि डॉक्टरांना सांगायला एकटी आत गेली.

तपासणीत तोच जिवाणू निघाला. शैलजाला औषध सुरू झालं. नगरपालिकेचं पथक दुसऱ्या दिवशी सोसायटीत येऊन सगळं दही गोळा करणार, असं हॉस्पिटलने सांगितलं. "उद्या कशाला?" शैलजा म्हणाली. "आजच्या जेवणात खातील ना लोक."

दुपारी आम्ही खालच्या मजल्यापासून सुरुवात केली. ती कठडा धरून, मी हातात बादली घेऊन. पहिल्या दाराशी मी म्हणालो, "त्या विरजणात जरा दोष निघालाय."

"नीट सांगा," शैलजा मागून म्हणाली.

"मला मधुमेह आहे," मी म्हणालो. हे चार महिने गिळून ठेवलेलं वाक्य. मला वाटलं होतं, ते बोलताना मी मरेन. काही झालं नाही. लोकांना उलट आनंदच झाला. मुल्लाबाईंनी रात्री भिजवलेल्या मेथ्या सांगितल्या. दुसऱ्या मजल्यावर कारल्याचा रस मिळाला, तिसऱ्यावर जांभळाच्या बियांची पूड, आणि एका गृहस्थाने स्वतःची बाही वर करून मला आपली चकती दाखवली. निकमही आपल्यातलेच निघाले, याचं समाधान दारादारांतून ओसंडत होतं. दही मुकाट्याने बादलीत पडत होतं. इतकी साधी गोष्ट होती, आणि तिच्यासाठी मी बायकोला पणाला लावलं होतं.

शेवटचं दार भोइट्यांचं. उत्तराने दार उघडलं. तिच्या मागे तिची सून सोफ्यावर पाय वर घेऊन पडली होती, पोट मोठं आणि चेहरा ओढलेला. मी सगळं सांगितलं.

"परवाच्या सोनोग्राफीत बाळाचं वजन वाढलेलं नाही म्हणाले," ती हळू म्हणाली. "आम्हाला काही कळेना का."

"आता वाढेल," मी म्हणालो. "लगेच डॉक्टरांना दाखवा. अजून वेळ गेलेली नाही."

"भाऊजी, तुम्हाला हे कधी कळलं?"

मी मागे वळून शैलजाकडे पाहिलं. ती कठड्याला टेकून उभी होती. माझ्या वतीने ती काही बोलणार नव्हती. आजच कळलं म्हटलं असतं तरी ती गप्पच राहिली असती, आणि मग जन्मभर गप्प राहिली असती.

"अकरा दिवसांपूर्वी," मी म्हणालो.

उत्तराने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. आत जाऊन दह्याचं पातेलं आणलं, ते आपल्या हाताने बादलीत उपडं केलं आणि दार लावून घेतलं. मेथ्यांचं, कारल्याचं ती काही बोलली नाही.

मी बादली उचलली. शैलजा माझ्यासाठी न थांबता जिना उतरू लागली होती, एकेक पायरी, दोन्ही हातांनी कठडा धरून. मी चार पायऱ्या मागे राहून तिच्यामागे उतरलो.